चारुदत्तची झुरळं

चारुदत्तला सख्ख्या भावापेक्षा झुरळं प्यारी, असं बाभुळगावजवळच्या त्या गावात सगळेच म्हणत, आणि तोही नाकारत नसे. यवतमाळच्या एका कॉलेजात तो प्रयोगशाळेत कामाला होता. तिथल्या मॅडम बदलून गेल्या तेव्हा त्यांची मादागास्करची झुरळं त्याने घरी आणली. अंगठ्याएवढी, बिनपंखांची, उचललं की नागासारखी फुसकारणारी. काचेच्या पेटीत बघता बघता ती चाळीस झाली. हात खाली सरकवायचा, त्यांना चढू द्यायचं. ओढायचं नाही, पाय तुटतात, हे तो येईल त्याला बजावत असे.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. थोरला कमलाकर दिवसभर वावरात बोंडं फोडायचा आणि गुलाबी अळ्या नखाखाली चिरडायचा. घरी येऊन पेटी दिसली की त्याचं डोकं फिरे. एकदा भरल्या ताटावरून उठला आणि म्हणाला, "वावरात मी किडे मारून राह्यलो, अन् तू घरात पोसून राह्यला. एक दिवस पंपच सोडतो याइच्यावर."

चारुदत्त ते विसरला नाही.

पिल्लं बुडू नयेत म्हणून तो पाण्याच्या ताटलीत कापूस भिजवून ठेवी. परवा दुकानातून आणलेला कापूस संपला. घरात ढीग पडलेला असताना विकत कशाला आणायचा, म्हणून नुकत्याच वेचलेल्या कापसातला मूठभर घेतला, सरकी काढली आणि ठेवून दिला.

आज दुपारी तो लवकर परतला, तर पेटी उघडी. झुरळं उताणी पडून पाय झाडत होती, बरीचशी मेलेलीच. दाराशी फवारणीचा पंप ओला, आणि पेटीपाशी एक मूठ आवळून कमलाकर.

चारुदत्त पंपाकडे धावला. पंपाची लोखंडी नळी उपसली आणि पहिला घाव पाठीत घातला. कमलाकर भिंतीवर आदळला, ओठ फुटला. दुसरा खांद्यावर, तिसरा कानावर. मारताना चारुदत्तला बरं वाटत होतं, आणि ते पुढे जन्मभर त्याला कोणाला सांगता आलं नाही. कमलाकर धिप्पाड गडी, एका हाताने त्याला आडवा करू शकला असता. पण मूठ पोटाशी धरून तो नुसता मार खात राहिला. त्याची बायको शीला मध्ये पडली, तिलाही चारुदत्तने ढकललं. चौथा घाव मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिघांनीही ऐकला.

बोटं उघडली. तळहातावर मोठी मादी होती, जिवंत. ती फुसकारली.

"भाऊजी, हे तं रोज दुपारी त्याइले गाजर चारतेत," शीला रडत म्हणाली.

कमलाकर रक्त थुंकला. "मी वावरातून फवारून आलो तवाच मरून राह्यले व्हते. आधी ताटलीतला कापूस काढ. आपल्याच वावरातला हाये तो. वेचायच्या आधी फवारला व्हता."

चारुदत्तच्या हातातली नळी गळून पडली. शरमेने त्याला भावाच्या तोंडाकडे बघवेना. काहीतरी करायचं म्हणून त्याने मादीला उचलायला दोन बोटं पुढे केली. ती त्या मोडक्या हाताला घट्ट धरून बसली होती.

"ओढू नको," कमलाकर म्हणाला. "पाय तुटतेत तिचे."