सोमवारचा नारिंगी दिवा

टेलिफोन खात्यात तीस वर्षं खांबांवर चढलेल्या काशीराम तांब्यांचं एक मत होतं: बिघाड आपोआप होत नाही, कुणीतरी केलेला असतो. कुठे तार कापलेली असे, कुठे कुणी चोरून जोड घेतलेला असे. म्हणून मिरजोळ्याच्या घरात त्यांनी स्वतः जुळवलेला कॉम्प्युटर लागोपाठ दुसऱ्या सोमवारी सुरू झाला नाही, तेव्हा त्यांच्या मनात आधी जावई आला.

निवृत्तीनंतर ते गावातल्या लग्नांचे, विहारातल्या कार्यक्रमांचे व्हिडिओ जोडून देत. काम भराभर उरकावं म्हणून त्यांनी मेमरी ओव्हरक्लॉक केली होती, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवली होती. मेमरीच्या दोन्ही पट्ट्यांवर वेग सहा हजार लिहिलेला. यांनी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये शिरून चौसष्टशे केलं. सहा तास चाचणी लावली, एक चूक निघाली नाही. आठवडाभर मशीन रोज रात्री बंद होई आणि सकाळी मुकाट सुरू होई. सोमवारी मात्र पंखे फिरत, पडदा काळा राही आणि मदरबोर्डवर मेमरीची अडचण सांगणारा नारिंगी दिवा लागलेला दिसे.

पहिल्या सोमवारी त्यांनी पंधरा मिनिटं वाट पाहिली. मग एकच पट्टी लावून पाहिली, मग दुसरी, मग खाचा बदलल्या. शेवटी मदरबोर्डवरचा छोटा सेल काढून सगळ्या सेटिंग पुसल्या, तेव्हा मशीन उठलं. पुन्हा चौसष्टशे केलं, तर पुढच्या सोमवारपर्यंत तक्रार नाही.

सोमवारच का? त्याच्या आदल्या दोन दिवसांत घरात वेगळं काय घडतं? तर राकेश येतो. मुलगी आम्रपाली बाळंतपणासाठी माहेरी आलेली. तिचा नवरा राकेश लोट्याला केमिकल कंपनीत शिफ्टला होता. शनिवारी संध्याकाळी येई, कॉम्प्युटरच्या खोलीत झोपे आणि रविवारी दुपारच्या एसटीने परते. काशीराम रविवारी दिवसभर विहारात, त्यामुळे मशीनला थेट सोमवारीच हात लागे. शिवाय पहिल्याच खेपेला राकेश सहज म्हणाला होता, की मेमरीचे भाव हल्ली फार चढलेत. ते वाक्य काशीरामांच्या मनात कुसळासारखं अडकून बसलं.

त्यांनी कॅबिनेट उघडून पट्ट्यांचे नंबर बिलाशी ताडून पाहिले. नंबर तेच होते. पण संशय एकदा शिरला, की पुराव्यावाचूनही पोसला जातो. पट्टी बदलली नसेल, पण उघडून काहीतरी छेडछाड केली असेल. पुढच्या शनिवारी त्यांनी कॅबिनेटच्या स्क्रूंवर पेन्सिलीने बारीक खुणा केल्या आणि वायफायचा पासवर्डही बदलला. राकेशने तो मागितला, तेव्हा आठवत नाही म्हणाले. चहाच्या वेळी ते त्याच्या बोटांकडे बघत बसले. बायको सुंदराबाईंनी ते पाहिलं.

"तुमच्या डोक्यात काय शिरलंय, ते एकदा सरळ बोला," त्या म्हणाल्या. काशीरामांनी पेपर तोंडासमोर धरला.

सोमवारी खुणा जागच्या जागी होत्या आणि नारिंगी दिवाही. दुसऱ्या कुणाचा संशय इथे मिटला असता. काशीरामांना वाटलं, गडी भलताच सफाईदार आहे.

चौथ्या रविवारी त्यांनी गुडघा दुखतो सांगून विहार टाळला आणि खोलीच्या दाराशी खुर्ची मांडली. बाराच्या सुमारास राकेशने बॅग भरली, चादरीची घडी केली, आणि मग वाकून टेबलाखाली हात घातला.

"राकेशराव, खाली काय करताय?"

राकेशने दचकून वगैरे पाहिलं नाही. "बोर्डाचं बटण लावतोय, मामा. रात्री झोपताना बंद करतो मी. कंपनीत शिकवलंय, काम नसेल तिथला पुरवठा तोडायचा. आणि ज्यानं तोडला, त्यानंच निघताना जोडायचा."

राकेश गेल्यावर काशीरामांनी मशीन लावून पाहिलं, तर नारिंगी दिवा. सेटिंग पुसून, पुन्हा चौसष्टशे करून ते नीट चालू केलं. मग नुसतं बंद करून सुरू केलं. सुरू झालं. मग टेबलाखालच्या विजेच्या बोर्डाचंच बटण दहा मिनिटं बंद ठेवलं. दिवा लागला. तीनदा केलं, तीनदा तेच. वीज पुरती तुटली, की मशीन मेमरीची जुळणी पहिल्यापासून करायला घेई, आणि थंड मशीनवर चौसष्टशेला ती जुळत नसे; चालू मशीनवर वेग वाढवला, तर जुळे. एरवी घरातली वीज गेली तरी यूपीएसची बॅटरी मशीनचा पुरवठा चालू ठेवी, पण हे बटण यूपीएस आणि मशीनच्या मधलं होतं, म्हणून हे आधी कधी उघड झालं नव्हतं. त्यांनी वेग सहा हजारांवर आणला. मग कितीही वेळा बटण बंद केलं तरी मशीन उठू लागलं. हाव त्यांचीच होती.

त्यांनी हे आम्रपालीला सांगितलं. ती गाऊनच्या खिशात हात घालून ऐकत उभी होती.

"बाबा, स्क्रूवरची पेन्सिल त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिली होती."

"मग बोलले का नाहीत?"

"मी तेच विचारलं. म्हणाले, मामांना त्यांची खात्री करून घेऊ दे."

आठवडा काशीरामांनी शब्द जुळवण्यात घालवला. शनिवारी राकेश पायरीवर चपला काढत असतानाच त्यांनी सांगून टाकलं, की मी तुमच्यावर वहीम घेतला, माझं चुकलं. वायफायचा पासवर्ड लिहिलेला कागदही त्याच्या हातात दिला. राकेश हसला. बिघाड सापडला ना, मग झालं, असं म्हणून तो आम्रपालीच्या खोलीकडे गेला.

जेवणं झाल्यावर मात्र त्याने चटई पडवीत अंथरली. आत उकडतं, म्हणाला. कॉम्प्युटरच्या खोलीत पंखा होता, पडवीत नव्हता. काशीरामांनी आतून उशी आणून त्याच्या उशाशी ठेवली आणि ते आत गेले.