लिलावाची वेळ

गावात फोन यशोदाबाईमुळे आला, हे गाव आता विसरलंय. गावाला काय, विसरणं सोयीचंच असतं. बौद्धवाड्यातली ही दाई. चार गावांतली बाळंतपणं तिच्या हातची. त्र्याऐंशी साली गावातल्या वाळू नावाच्या गड्याची बायको बाळंतपणात अडली. दवाखान्याची जीप आणायला माणूस सायकलवर गेला आणि जीप आली तेव्हा बाई अंगणात झाकून ठेवलेली होती. तेव्हापासून यशोदाबाईनं फोनचा ध्यासच घेतला. ज्यांनी तिला जन्मात कधी ओट्यावर चढू दिलं नाही, त्यांच्या ओट्याखाली उभं राहून तिनं अंगठे मागितले. अर्ज नाशिकला स्वतः नेऊन दिला.

दोन वर्षांनी फोन आला. ग्रामपंचायतीत, लाकडी पेटीत, कुलूप लावून. नारळ फुटला, पेढे वाटले, फोनला हळदकुंकूही वाहिलं. किल्ली शिपाई गोटीरामच्या करगोट्याला. आता कुणाची लेक अशी जायची नाही, असं यशोदाबाई भेटेल त्याला सांगत सुटली.

पण गावाला फोनचा भलताच उपयोग सापडला. लासलगावला लिलाव सुरू झाला की तिथला अडत्या फोनवर कांद्याचा भाव सांगायचा. चढा असला की ट्रॅक्टर भरायचे, पडका असला की माल कांद्याच्या चाळीतच ठेवायचा. आधी तिथं गेल्यावर भाव कळायचा आणि माल परत आणणं परवडत नाही म्हणून मातीमोल टाकून यावं लागायचं. खोटं कशाला बोला, फोननं सगळ्यांचंच भलं केलं. यशोदाबाईच्या पंधरा गुंठ्यांतल्या कांद्याचंसुद्धा.

मग एके सकाळी कुणीतरी मेव्हण्याशी गप्पा मारत बसला, तेवढ्यात भाव हुकला आणि गावात डोकी फुटायची वेळ आली. ग्रामसभेत ठराव झाला: सकाळी नऊ ते बारा फोनला कुणी हात लावायचा नाही, लाइन लासलगावसाठी मोकळी. ठराव एकमतानं झाला. यशोदाबाईनंही अंगठा उठवला. शेकडो पोरं जगात आणलेली बाई ही! पोर काही घड्याळ बघून येत नाही, हे तिलाच सुचू नये, म्हणजे काय म्हणावं?

पुढच्या चैत्रात तिची गौतमी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एका सकाळी दहाच्या सुमाराला कळा लागल्या आणि रक्त जायला लागलं. थांबेचना. हे आपल्या हातातलं नाही, हे यशोदाबाईनं ओळखलं. लेकीला भावजयीच्या ओटीत टाकून ती पंचायतीकडं पळत सुटली.

पंचायतीच्या पडवीत वीसेक माणसं भावाची वाट बघत बसलेली. जीप बोलवायला हवी, तिनं सांगितलं. गोटीराम पेटीशेजारी बसला होता. त्याची दोन्ही पोरं यशोदाबाईच्याच हातची. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, मग बसलेल्या माणसांकडं.

"आक्का, नंबर लागायला कधी अर्धा तास जातो. बारापर्यंत नाय लावता येत," तो खालच्या आवाजात म्हणाला. "ठरावावर तुझाबी अंगठा हाय."

तिनं प्रत्येकासमोर हात जोडले. जो तो दुसऱ्याकडं बघत राहिला. एकानं बैलगाडी देऊ केली. तेवढीच काय ती गावाची माया.

गाडी नदी ओलांडायच्या आत गौतमी गेली. पोर पोटातच राहिलं.

गाडी माघारी आली तेव्हा बारा वाजून गेले होते. म्हणून जावयाला मनमाडला निरोप मात्र फोनवरून लगेच गेला. नंबरही पहिल्या झटक्यात लागला.

जावई रात्री पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी गौतमीला नेलं. वाट पंचायतीवरूनच. तिरडी पडवीसमोर आली आणि आत फोनची घंटी वाजली. थोड्या वेळानं गोटीराम दारात आला, समोरची तिरडी बघून त्यानं मान खाली घातली. पडवीतलं कुणीच काही विचारेना.

पुढच्या खांद्याला यशोदाबाईचा सख्खा भाऊ पुंजाराम होता. तो थांबला, तशी सगळी थांबली. खांदा बदलता बदलता त्यानं हळूच विचारलं, "किती निघाला?"

गोटीरामनं आकडा सांगितला. तिरडी पुढं निघाली.

आकडा यशोदाबाईनंही ऐकला. भाव चांगला निघाला, एवढं तिच्या मनात येऊन गेलं. लेकीच्या तिरडीमागं चालताना आपल्या मनात हे आलं, याची तिला पुढं मरेपर्यंत शिसारी वाटत राहिली.