साखरेचे तीन परकर

शाळेच्या नाचाआधी माझ्या लेकीनं, नॅडीननं, मला तीन अटी घातल्या. हातमोजे घालायचे. पोट आवळणारा पट्टा घालायचा. आणि तिसरी अट सांगताना तिनं आवाज अगदी खाली आणला.

"आई, ती डंगरी घालून यायचं नाही. शपथ घे."

"अगं, मी नाचायला थोडीच येतेय? सरबत वाटायला येतेय."

"म्हणूनच! सगळ्यांना तूच दिसणार."

घ्या! जिला मी डाव्या काखेत धरून उजव्या हातानं भांडी घासली, ती पोर मला कपडे शिकवणार. घेतली शपथ. काय करते?

डंगरी म्हणजे जाड कापडाची, छातीपर्यंत येणारी पॅन्ट, माझी लढाईतली. त्रेचाळीस साली पुरुष लढायला गेले आणि ओहायोतल्या आमच्या गावच्या विमान कारखान्यात बायका घेतल्या. मी बाहेरून पत्रे जोडणारे रिव्हेट, म्हणजे जाड खिळे, ठोकायची आणि डॉटी थॉर्प पंखाच्या पोटात शिरून आतून लोखंडी ठोकळा धरायची. एकदा माझा गुडघा फाटला, तर डॉटीनं तिच्या आईच्या पडद्याचा तुकडा आणून तिथंच ठिगळ लावलं. लाल चेरीच्या छापाचं. मग लढाई संपली, पुरुष आले, आणि आम्हाला सांगितलं, जा आता घरी. तोवर कापड मिळत नव्हतं म्हणून झगे आखूड होते, ते एकदम घोट्यापर्यंत आले. बारा वार घेर आणि कंबर मात्र वीतभर! आम्ही जेवायचं कुठं, ते कुणी विचारलं नाही.

मी कपडे वाळत घालताना अजून ती डंगरीच घालते. डॉटीनं मात्र तो काळ कडीकुलपात घातला. आता ती नॅडीनच्या शाळेची उपमुख्याध्यापिका, मिस थॉर्प. गळ्यात शिट्टी, हातात पट्टी. मुलींना पॅन्ट बंद, हा नियम तिचाच. अकरा वर्षं आम्ही चर्चच्या पायरीवर नुसत्या माना हलवतो.

तर नॅडीन. वर्गात सगळ्यांत उंच. दोन वर्षं नाचाच्या दिवशी नेमकं तिच्या पोटात दुखायचं, कारण माझ्याबरोबर नाचतेस का, असं कुण्या मुलानं विचारलंच नव्हतं. यंदा डेल किंब्रोनं विचारलं. त्या दिवसापासून पोर घरात जमिनीवर चालेना. मला ते बघून बरंही वाटत होतं आणि भीतीही.

घेरदार स्कर्टखाली परकर फुगायला हवेत, म्हणून मैत्रिणीनं, पेगीनं, युक्ती सांगितली. पाण्यात थोडी साखर विरघळवायची, जाळीचा परकर बुडवायचा, वाळवायचा, की कडक होतो. गावातल्या सगळ्याच पोरी हे करतात. पण नॅडीनला सगळ्यांपेक्षा जास्त फुगायचं होतं. तिनं साखरेचा डबाच पातेल्यात उपडा केला आणि चढवलं शेगडीवर. झाला पाक!

"अगं, ह्याला तार यायला लागली. जाम करतेयस का? खळ घाल सरळ."

"आई, तुला फॅशनमधलं काय कळतं? तू पॅन्ट घालतेस."

बरं बाई. बसले गप्प. खरं सांगते, रागानं गप्प बसले.

शनिवारी सकाळी तीन परकर न्हाणीघरात आपापले उभे होते. माझ्या नवऱ्यानं, क्लाइडनं, त्यावर टकटक केली आणि विचारलं, "आत कुणी आहे का?" नॅडीन हसली नाही.

नाच दुपारी तीनला, शाळेच्या टेनिस कोर्टवर. जून महिना, घामाच्या नुसत्या धारा. मी हातमोजे घालून सरबताच्या टेबलामागं उभी, पट्ट्यामुळे श्वास अर्धाच. पहिल्या गाण्याला नॅडीन काय दिसली म्हणून सांगू! डेल तिच्यापासून दोन हात लांब, कारण स्कर्ट त्याला जवळच येऊ देईना. दुसऱ्या गाण्याला माझ्या टेबलावरच्या गांधीलमाश्या एकेक करून उठल्या आणि तिकडं गेल्या. त्यांना ताजा पाक मिळाला होता.

मग परकर वितळले. आधी एकमेकांना चिकटले, मग मोज्यांना, मग तिच्या पायांना. पोर पाय बांधलेल्या कोंबडीसारखी उड्या मारायला लागली. डेल बिचारा टोपीनं माश्या हाकलत होता. आणि कोर्टभर खसखस पिकली.

मी पोचले तेव्हा ती मुलींच्या मोरीत भिंतीला टेकून रडत होती.

"आई, मला घरी ने. मी परत शाळेत येणार नाही."

"आणि डेल?"

"तो थांबलाय बाहेर. म्हणतो, शेवटचं गाणं तरी..." पुढं तिला बोलवेना.

"नॅडीन, मला कळत होतं गं हे असं होणार. तू टोचून बोललीस म्हणून मी बोलले नाही. चुकलं माझं."

मी गाडीकडं धावले. डंगरी सीटखाली होती. शपथ घालायची नाही अशी होती, आणायची नाही अशी नव्हती.

"ही? मरेन मी!"

"मर, पण आधी पाय धू."

घातली बाई तिनं. मला पायात लोळायची ती तिला घोट्याच्या वर, खाली पांढरे मोजे. आम्ही कोर्टच्या फाटकाशी आलो तर मिस थॉर्प आडवी.

"मिसेस हाल्व्हर्सन, मुलींना पॅन्ट चालत नाही. तुम्हाला नियम माहीत आहे."

नॅडीन मागं वळली. मी तिचं मनगट धरलं. अकरा वर्षांनी त्या बाईला नावानं हाक मारली.

"डॉटी, गुडघा बघ."

तिनं बघितलं. मग शिट्टी बाजूला सारून वाकली आणि चेरीवरून अंगठा फिरवला.

"हे टाके माझे आहेत."

"तुझेच. वाकडे आहेत बघ."

"पंखात अंधार होता गं, विल्मा."

ती उठली तेव्हा डोळे पुसत होती का घाम, ते मी बघितलं नाही. नॅडीनकडं वळून ती खेकसली, "शेवटचं गाणं सुरू झालंय! उभी काय राहिलीस?"

पोरगी गेली. मी परत सरबताशी. मिस थॉर्प ग्लास घ्यायला आली आणि हळूच म्हणाली, "तुला त्या पट्ट्यात श्वास घेता येतो?"

"नाही."

"मलाही नाही."

तेवढ्यात कोर्टवर दोन पोरींनी नॅडीनला गाठलं. "अय्या, हे काय घातलंयस?" आता ही परत रडणार, आता ही मला जन्मभर बोल लावणार.

नॅडीननं गुडघा पुढं केला. "आईची आहे. लढाईत विमानं बांधली तिनं ही घालून. आणि हे ठिगळ आहे ना, ते कुणी लावलंय माहितेय?"

मी सरबत ओतत होते, ते सगळं हातमोज्यावर.

सोमवारी कपडे वाळत घालायला गेले तर डंगरी जागेवर नाही. दोरीला चिमट्यानं चिठ्ठी लावलेली: "आई, गुरुवारी परत देते. शपथ."

अजून दिलेली नाही.