साठ लिटरचा समुद्र

माझी मोठी बहीण शिवणकाम करते. तिच्या खोलीत मशीनशेजारी साठ लिटरची काचेची टाकी आहे, खाऱ्या पाण्याची. आत दगड, थोडी वाळू, दोन मासे आणि एक जिवंत प्रवाळ: दगडी बुंध्यावर दोन डोकी आणि प्रत्येक डोक्यावर बोटांसारख्या हिरव्या लडी. सहा वर्षांपूर्वी करंगळीएवढं आणलेलं ते प्रवाळ आता मुठीएवढं झालंय. ताईला मूलबाळ नाही. कुणी चेहरा पाडून टाकीकडे बघायला लागलं की तीच आधी सांगते, "हे माझं बाळ नाही हं, प्रवाळ आहे. उगाच गहिवरू नका."

एका मंगळवारी टाकीतलं पाणी फिरवणारा पंप बंद पडला. प्रवाळ जागचं हलत नाही. वाहतं पाणीच त्याला श्वास आणि खाणं आणून देतं. दुपारपर्यंत लडी निम्म्या आत गेल्या आणि ताईचा मला फोन आला. मी पाणीपुरवठा खात्यात पंपांचा फिटर, एकोणतीस वर्षं. पाणी जोरात चढवतो आणि तोंडही तसंच चालवतो, म्हणून खात्यात मला 'प्रेशर' म्हणतात.

दुकानात जाऊन मी सगळ्यांत दणकट पंप उचलला. तासाला पाच हजार लिटर. दुकानदार बिचारा "साहेब, टाकी केवढी आहे?" विचारत होता, पण मी हात झटकला. आमच्या खात्यात पंप कमी पडला तर शिव्या बसतात. जास्त पडला म्हणून आजवर कुणी तक्रार केलेली नाही. तो मी प्रवाळाकडे तोंड करूनच बसवला. बटण दाबताच वाळू उडाली, मासे दगडामागे दडले आणि मी खूश झालो.

"जरा जास्त नाही होत?" ताई म्हणाली.

"पंपातलं तू मला शिकवू नकोस. होईल सवय त्याला."

मी घरी पोचून चपला काढतोय तोच तिचा फोन. "बंद केला मी. एका डोक्याचं मांस दगडावरून सुटलंय."

मी धावत परत गेलो. ताई चिडली असती तर बरं झालं असतं. मला उलट बोलता आलं असतं. तिने शेजारणीला टाकीपाशी बसवून लाकडी पळीने हळूहळू पाणी हलवायला लावलं होतं. "दुसरं डोकं वाचलं पाहिजे," ती मला म्हणाली. "दुकानात चल. आणि तिथे तोंड उघडायचं नाही."

पिशवीत तिने नायलॉनच्या दोऱ्याचं रीळ, कपड्यांचे चिमटे आणि दगडांच्या मापाचे तीन डबे घेतले होते. दुकानदाराकडून तिने साठ लिटरची रिकामी टाकी मागून घेतली, पाण्याने भरली, घरच्यासारखे डबे मांडले आणि कडेला चिमटे लावून नऊ ठिकाणी दोरे सोडले. "आता एकेक पंप लावून दाखवा."

"बाई, पंप विकायचाय मला, ब्लाउज नाही."

"मग मापाचा विका."

मी तोंड मिटून बघत राहिलो. एक मोठा पंप लावला की समोरचे दोरे ताठ आडवे व्हायचे आणि डब्यांमागचे सरळ लोंबत राहायचे. पुढे मार, मागे पाणी मेलेलं. मधला लावला तरी तेच. मग तिने दोन छोटे मागितले, तासाला हजार-हजार लिटरचे. समोरासमोर लावले, पण तोंडं डब्यांकडे नाहीत, पुढच्या काचेकडे वळवलेली. दोन्ही धारा काचेवर आपटून एकमेकींत मिसळल्या. ताई एका पंपाचं तोंड केसभर फिरवायची, मागे सरकून डोळे बारीक करायची, पुन्हा फिरवायची. गिऱ्हाइकाच्या खांद्याची शिवण बघते ना, अगदी तशी. शेवटी नऊच्या नऊ दोरे हलायला लागले; कधी इकडे झुकायचे, कधी तिकडे. एकही ताठ नाही, एकही लोंबत नाही.

"बारा वर्षं पंप विकतोय," दुकानदार हळूच म्हणाला, "पाणी कुठं जातं ते असं बघितलं नव्हतं." मीही बघितलं नव्हतं, आणि माझी तर एकोणतीस वर्षं गेली होती. सातवीत शाळा सुटलेल्या माझ्या बहिणीचा मला इतका अभिमान वाटला की तोंड बंद ठेवणं जड गेलं.

घरी पंप तिनेच बसवले. मी फक्त वायर धरली.

सहाव्या दिवशी गेलो तर एका डोक्यावरच्या लडी पूर्ण उघडून डुलत होत्या. दुसऱ्या डोक्याच्या जागी पांढरा दगड उरला होता. मी त्या दगडाकडेच बघत राहिलो.

"मोठा पंप चालणार नाही, हे तुला त्या दिवशीच कळलं होतं का?" मी विचारलं.

"शंका आली होती."

"मग बंद का नाही केलास तेव्हाच?"

ताईने मशीनच्या चाकावर हात ठेवला. "मला वाटलं, एवढी वर्षं तेच करतोयस, तुला जास्त कळत असेल. तू निघून गेल्यावरही वाट बघत बसले, सवय होईल म्हणून."

"माफ कर, ताई," मी म्हणालो.

तिने मान डोलावली आणि शिवायला घेतलं.