पिवळ्या रंगाखालची अक्षरं

रंगारी पात्याने गर्डरवरचा जुना रंग खरवडत होता. दोन्ही शेडमधले वजन उचलायचे गर्डर तो दरवर्षी पिवळे करी आणि मधोमध ठसठशीत काळा आकडा घाली: ४०००. आकडा त्याला वस्तादाने सांगितला होता आणि वस्तादाला त्याच्या वस्तादाने. कालच्या शेडमध्ये खरवडायचा कंटाळा करून त्याने रंगावरच रंग फासला होता. आज मात्र पोपडे निघत होते, म्हणून नाइलाज.

सातवा-आठवा थर निघाला आणि लोखंडात उठवलेला तोच मूळ आकडा दिसला. त्याच्यापुढे दोन बारकी इंग्रजी अक्षरंही होती. ती त्याने ओळखली. परदेशी रंगाच्या जुन्या डब्यांवर हीच असायची. पौंड. आजवर सगळे ते किलोच समजत आले होते.

त्याने बोटांवर हिशेब केला. अठराशे किलो, फार तर थोडं वर. एरवी इथे टनाच्या वर काही उचलत नसत. पण आज पलीकडे, कालच्या शेडमध्ये, तसल्याच गर्डरवर नवं मशीन बसत होतं.

पातं तिथेच टाकून तो धावला.

मशीन जमिनीपासून वीतभर वर लटकत होतं. रंगाऱ्याचा थोरला भाऊ, इथला फिटर, पालथा पडून दोन्ही हात मशीनखाली घालून बोल्ट जुळवत होता.

“मुकादम, हे किती किलोचं?”

“साडेतीन हजार. का रे रंगोबा, आता मशीनपण रंगवतोस की काय?”

“उतरवा! वरचे चार हजार किलो नाहीत, पौंड आहेत!”

मुकादम हसला. “दरवर्षी आकडा तूच घालतोस, आणि आज तूच खोटा ठरवतोस?”

रंगाऱ्याने मुकादमाकडे पाठ फिरवली. तो भावाशेजारी गुडघ्यांवर बसला.

“दादा, हात काढ.”

“थांब रे, एकच राहिलाय. कशाला जीव खातोस?”

“दादा, तुझ्या पाया पडतो. हात काढ.”

भाऊ आणखी आत सरकला.

रंगाऱ्याने वर पाहिलं. मधलं शून्य काल त्याने श्वास रोखून, एका दमात ओढलं होतं. आता लोखंडातून वर चढलेल्या भेगेने ते खालच्या बाजूने उघडलं होतं.