नवगावकरांची मशीद

दीना चहा घेऊन आली तेव्हा पप्पा बैठकीतला सोफा भिंतीकडे ढकलत होते. मोकळ्या झालेल्या जागेत जेवणाच्या खुर्च्या पूर्वेच्या खिडकीकडे तोंड करून मांडल्या होत्या. त्यांना धाप लागली होती.

“पप्पा, हे काय चाललंय?”

“मशीद.”

अलिबागकडचे जुने बेने इस्राएल ज्यू आपल्या प्रार्थनाघराला, सिनेगॉगला, मशीदच म्हणायचे. आई गेल्यापासून दीनाने तो शब्द ऐकला नव्हता. लेकीकडे चार दिवस म्हणून आलेले हायम नवगावकर कोविडमुळे विमानं बंद झाली आणि आयर्लंडमधल्या कासलबारलाच अडकले. सिनेगॉग थेट डब्लिनला, आणि या जानेवारीत तर पाच किलोमीटरपलीकडे जायचीसुद्धा बंदी.

“कुणाला बोलावलंयत का? इथले पोलीस, गार्डा, येतील दारात.”

“कोण येतंय?” ते खुर्चीवर टेकले. “आपले पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले म्हणतात. पोथ्या बुडाल्या, भाषा विसरली. मुंबईत पहिली मशीद उभी राहिली ती इंग्रज आल्यावर. तोवर घरातच जमायचे. एक शमा तेवढी तोंडात राहिली, रोज झोपताना आणि शेवटी मरताना म्हणायची प्रार्थना.” खोकल्याची उबळ आली. “त्याच्याही आधी, यरुशलेमचं मंदिर जाळून बाबिलोनला नेलेली माणसं... तीही अशीच बसली असतील, कुणाच्या तरी घरात.”

“बरं, चहा घ्या.”

“तुला येते का शमा?”

दीनाने कप खाली ठेवला. “येत होती.”

“मग बस. माझ्यामागून म्हण.”

त्यांची नखं निळसर दिसत होती. तिने बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि आकडा पाहून वर काम करत बसलेल्या नवऱ्याला हाक मारली. रुपेशने धावत येऊन ॲम्ब्युलन्सला फोन केला. पप्पांनी मात्र तिचं मनगट सोडलं नाही. शमाचे ते सहा हिब्रू शब्द त्यांनी तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले. ती म्हणत होती, पण कान रस्त्याकडे होते.

ॲम्ब्युलन्समध्ये सोबत कुणाला घेत नव्हते.

पुढे हॉस्पिटलमधून रोज एकच उत्तर मिळे, तब्येत आहे तशीच आहे. मग एका सकाळी फोन नेहमीच्या वेळेआधीच वाजला. व्हिडिओ कॉल होता.

“ते काहीतरी म्हणायला बघतायत, दीना,” नर्स इंग्रजीत म्हणाली. “तुम्हाला ठाऊक असेल, म्हणाले.”

पडद्यावर आधी छत दिसलं, मग मास्कखालचा चेहरा. ओठ हलले आणि पहिल्याच शब्दावर अडकले. दीनाने तो शब्द उचलला. रुपेशला त्यातलं काही कळत नव्हतं. तरी त्याने गॅस बंद केला, ओट्यावरचा रुमाल डोक्यावर घेतला आणि तिच्यामागे येऊन उभा राहिला.

शेवटचा शब्द श्वास पुरेल तितका लांबवायचा असतो. तिने लांबवला. मग पडद्याकडे पाहिलं. पलीकडचा फोन कलला होता आणि आता नुसती खिडकी दिसत होती, बाहेर अजून पुरतं उजाडलं नव्हतं.

“पप्पा?”

 मग नर्सचा आवाज आला, अगदी हळू.

“थांबू नका, दीना. म्हणत राहा.”