चाकरमानी

क्लासच्या सरांनी माझ्या बाबांना इंग्रजीत नोकर करून टाकलं आणि वर मलाच विचारलं, 'वेदिका, कसा झालाय निबंध?'

पुण्याच्या एका खासगी विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत शेवटी निबंध असतो. ऐच्छिक. लिहायचा नसेल तर 'नको'चं बटण दाबायचं आणि उठायचं. विषय आधीच कळवलेला: 'मी मात केलेली परिस्थिती'. रत्नागिरीतल्या आमच्या क्लासमध्ये सरांनी प्रत्येकाला आपापली परिस्थिती सांगायला लावली. मी म्हटलं, आम्ही संगमेश्वरकडचे, आई गावी शेती बघते, बाबा मुंबईला चाकरमानी. झालं. सरांनी त्यावरून निबंध रंगवून टाकला: बाप लोकांच्या घरी भांडी घासणारा, पोरगी चिमणीच्या उजेडात शिकणारी.

'सर, बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. मुंबईत नोकरीला असलेल्या प्रत्येकाला आमच्याकडे चाकरमानीच म्हणतात.'

'चाकर म्हणजे नोकरच ना?' सर देशावरचे. इथे येऊन फक्त हापूस ओळखायला शिकले. 'आणि ऐच्छिक म्हणजे लिहायचाच असतो. मार्क काठावर असले की निबंधावरच जागा मिळते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.'

माझं डोकंच फिरलं. गणपतीत बाबा येतात तेव्हा अख्खी वाडी त्यांची वाट बघत असते. त्यांना मी परिस्थिती म्हणू? त्यांच्यावर मात करू?

तणतणत त्यांना फोन लावला. वाटलं, सरांना चांगल्या शिव्या घालतील. ते शांतपणे म्हणाले, 'लिव ना. माजं काय जातंय? तुला सीट गावत आसंल तर नोकर लिव.'

मग मला त्यांचाही राग आला. इतकं स्वस्त व्हायचं कशाला माणसाने?

परीक्षेत पेपर काठावरचाच गेला. निबंध लिहायला हवा होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. खरं तेच लिहू म्हणून सुरुवातही केली. पण वर तो विषय बसलेला, आणि त्याच्याखाली बाबांबद्दल काहीही लिहिलं तरी ते बिचारेच दिसायला लागले. सगळं पुसलं, 'नको' दाबलं आणि बाहेर आले.

परीक्षा केंद्राच्या फाटकाशी सर आम्हा मुलांसाठी थांबले होते. 'एवढ्यात झाला?'

'नाही लिहिला.'

'मूर्ख आहेस. हातची जागा घालवलीस.'

मी तशीच पुढे गेले आणि कोपऱ्यावरून बाबांना फोन केला. 'मी निबंध नाही लिहिला. सीट बहुतेक जाईल.'

पलीकडे त्यांनी घसा खाकरला.

'बरा केलंस,' ते म्हणाले. 'त्या दिसापासनं जेवान गोड लागत नवतं.'

मी फोन ठेवला आणि मागे वळले. सर अजून फाटकाशीच होते. मघाशी राहिलेलं उत्तर द्यायला मी त्यांच्याकडे निघाले.